सहाव्या महिन्यातला ठणका

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मला ओटीपोटात चमक मारायची. कुशीवर वळताना, शिंक आली की, खुर्चीवरून झटकन उठले की जांघेपर्यंत कळ जायची आणि क्षणात ओसरायची. डॉक्टरांनी तेव्हा केसपेपरच्या मागे आकृती काढून समजावलं होतं. गर्भपिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध जांघेपर्यंत गेलेले असतात, पिशवी वाढते तसे ते ताणले जातात. घाबरायचं कारण नाही. हे मी इतकं घट्ट धरून बसले की दुसऱ्या वेळी पोटात काहीही दुखलं, तरी त्याला हेच कारण लावत गेले.

पण खरी चूक त्याआधीची, त्या दुसऱ्या वेळच्या तिसऱ्या महिन्यातली. लघवीच्या तपासणीत जंतू सापडले होते. जळजळ नाही, ताप नाही, मला काहीच होत नव्हतं. डॉक्टरांनी आठवडाभराच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. त्रास नसला तरी गरोदरपणात हे जंतू घालवावेच लागतात, नाहीतर ते वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात, हेही सांगितलं. गोळ्यांनी मळमळ वाढली. शिवाय पोटातल्या जिवाला औषधं जितकी कमी तितकं बरं, असं मनात पक्कं बसलेलं. दोन दिवसांत मी गोळ्या बंद केल्या आणि औषध संपल्यावर पुन्हा करायची तपासणीही टाळली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कोर्स पूर्ण केलात ना?’’ मी मान डोलावली. ते खोटं मला अजून बोचतं.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली होती आणि पाणी बाहेरच्या पिंपातून न्यावं लागे. त्यावर आम्ही सगळ्याजणी एकच उपाय करायचो, पाणीच कमी प्यायचं. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी दोन बोटं कमी होऊन घरी यायची. लघवी लागली तरी शाळा सुटेपर्यंत दाबून धरायची. गरोदर बाई म्हणून कडी बसवून मागायचा मला पूर्ण हक्क होता. संकोचापायी मी तोंड उघडलं नाही.

सहाव्या महिन्यात ओटीपोट दुखू लागलं. हे दुखणं चमकेसारखं नव्हतं. खाली जडपणा, सतत ठणका, आणि उजव्या कुशीतून पाठीकडे जाणारी ओढ. कूस बदलून थांबत नव्हतं, पडून राहून कमी होत नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, ‘‘लघवीला जळजळ होतेय का गं?’’ जळजळ नव्हतीच, मी नाही म्हटलं. पण सारखं लघवीला जावं लागत होतं, लघवीला वास येत होता, ते नाही सांगितलं. बाळ खाली दाबतंय, लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाहीये, बंध ताणलेत, अशी कारणं मीच काढली. त्यातलं प्रत्येक कारण खरंही असू शकतं, म्हणून तर फसायला होतं. घरात पडलेली पोटदुखीची गोळी घेतली, कणकण वाटली तेव्हा पॅरासिटामॉल घेतली. दुखणं दबलं, तापही दबला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

त्या रात्री दात वाजतील अशी थंडी भरली. ताप चढला, उलटी झाली, आणि मग पोट राहून राहून दगडासारखं घट्ट होऊ लागलं. नवऱ्याने तशाच अवस्थेत दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर पोटावर हात ठेवून बराच वेळ नुसत्या थांबल्या. पोट कधी आवळतं, किती वेळ तसं राहतं, हे त्या घड्याळाकडे पाहत मोजत होत्या. मधेच प्रश्न. अंगावरून रक्त जातंय का? पाणी गेलंय का? बाळ फिरतंय का? कळ ठरावीक वेळाने येते की केव्हाही? मग त्यांनी पाठीला, उजव्या बरगडीखाली, हलकेच मूठ मारली आणि मी कळवळले. जंतू मूत्रपिंडात पोचले होते, आणि त्या संसर्गामुळे पिशवी आवळत होती. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी मूत्रवाहिन्या सैल पडतात, पिशवी उजवीकडे कललेली असल्यामुळे त्या बाजूची नळी जास्त दाबली जाते, लघवी साचते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. पिशवीचं तोंड अजून बंद होतं. ते उघडू लागलं असतं तर सहाव्या महिन्यात बाळंतपण झालं असतं. बाळाची फुप्फुसं तोवर तयार नसतात, हे मला माहीत होतं. मी त्या पलंगावर पडल्या पडल्या तिसऱ्या महिन्यातल्या गोळ्यांबद्दल खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ‘‘हे आधी कळलं असतं तर दर महिन्याला लघवी तपासली असती,’’ एवढंच म्हणाल्या.

शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, सलाईन लागलं, लघवीचं कल्चर गेलं. ताप उतरायला वेळ लागला. कळा थांबल्या. घरी आल्यावर गोळ्या शेवटच्या पानातल्या शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या आणि प्रसूतीपर्यंत दर महिन्याला लघवी तपासली. मुलगी दिवस भरल्यावर झाली. शाळेत कडी बसली, ती मात्र मी बाळंतपणाच्या रजेवर गेल्यानंतर, एका सहकारी बाईंनी अर्ज दिल्यावर.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले. दुसऱ्या महिन्यातच तिचा फोन आला, डाव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय, पहिल्या वेळी तुझंही दुखायचं ना? पूर्वीची मी असते तर बंध ताणतात म्हणाले असते. इतक्या लवकर ते ताणले जात नाहीत. या दिवसांत एका बाजूला दुखणं म्हणजे गर्भ पिशवीऐवजी बीजनलिकेत रुजल्याची शंका आधी घ्यायची. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, चक्कर येते, खांद्यातही दुखतं. चक्कर येतेय का, रक्त दिसलंय का, एवढंच विचारलं. नाही म्हणाली, तरीही ‘‘आजच सोनोग्राफी कर, उद्यावर ढकलू नकोस,’’ असं सांगून मी फोन ठेवला आणि तिच्याकडे जायला निघाले. गर्भ पिशवीतच होता. डाव्या बीजकोशावर, जिथून बीज सुटलं होतं, तिथे छोटी पाण्याची गाठ होती. ती पहिल्या काही महिन्यांत आपोआप विरते, असं डॉक्टर म्हणाले, आणि तशी ती विरली.