३७ चं शून्य

पीएचपीची एक भानगड आहे. 'उत्तर शून्य आलं' आणि 'उत्तर आलंच नाही' यातला फरक आपण कोडमध्ये तपासला नाही आणि उत्तराला सरळ इंट केलं, तर ती दोन्हीकडे शून्य छापून मोकळी होते. माझ्याच हातून हे घडलं.

२०१५ ची गोष्ट. थर्ड इयरला होतो, अमरावतीत होस्टेलवर. आमच्या मराठी मंडळाची साइट मी बनवली होती. प्रत्येक लेखाखाली तो ट्विटरवर किती वेळा शेअर झाला, तो आकडा दिसायचा. काम सोपं. ट्विटरच्या मोजणीच्या पत्त्याला लेखाची लिंक जोडायची, फाइल_गेट_कंटेंट्सने उत्तर आणायचं, जेसन_डिकोडने फोडायचं, काउंट छापायचा. दरवेळी ट्विटरची वाट पाहत पान अडकू नये म्हणून उत्तर तासभर फाइलमध्ये ठेवायचं, एवढी अक्कल होती. वॉर्निंग दिसू नये म्हणून फंक्शनच्या आधी ॲटचं चिन्ह. (ही विद्या सिनिअर्सची!)

रूम पार्टनर अकोटकडचा, अकोला जिल्ह्यातला. त्यानं आईच्या कापूस वेचणीवर लेख दिला. आकडा चढत चढत ३७ वर गेला. गड्यानं घरी फोन लावून सांगितलं. आई म्हणे, "सदतीस जन म्हंजे कोन कोन?" याला सांगता येईना!

२० नोव्हेंबर २०१५ ला ट्विटरनं ती मोजणी बंद केली. महिनाभर आधी जाहीर केलं होतं, मी वाचलंच नव्हतं. पार्टनर तेव्हा वेचणीसाठी गावी. संध्याकाळी फोन आला.

"काहून गा, माह्या लेखाखाली शून्य दिसते. लोकायनं काढून टाकलं काय?"

हसू आलं, मग आवाज ऐकून गप्प बसलो. आईला मोबाइल दाखवायला घेतला होता त्यानं.

रात्री कोड उघडला. ट्विटरकडून काहीच येत नव्हतं, म्हणून फंक्शन फॉल्स देत होतं. त्याचा डिकोड करून नल, आणि नलला मी इंट करून ठेवलेलं... म्हणजे शून्य. वॉर्निंग तर मीच दाबली होती. फॉल्स आलं तर आकडाच छापू नको, ही एक ओळ घातली असती तर भागत होतं.

जुना आकडा कुठंच ठेवला नव्हता, तासाभरात फाइलवर शून्य चढलं. त्याला म्हटलं, "३७ हातानं लिहून टाकतो."

"मंग उद्या चाळीस बी लिहशीन," तो म्हणाला. "राहू दे."

आकडा काढून टाकला. जानेवारीत त्यानं दुसरा लेख दिला, कागदावर लिहून. टाइप मी केला.