साळुंकीवरचं आरोपपत्र

साळुंकी माझ्या इतकी सरावाची की तिच्याकडे पक्षी म्हणून नीट बघायला मला उशीरच झाला. तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्यामागे उघडी पिवळी कातडी, उडताना पंखात चमकणारा पांढरा पट्टा. चिमणीसारखी ती टुणटुणत नाही, पावलं टाकत चालते, आणि त्या चालीत घरमालकाचा रुबाब असतो. लिनियसने १७६६ मध्ये तिचं बारसं करताना तिला चक्क स्वर्गीय पक्ष्यांच्या पंगतीला बसवलं आणि नाव ठेवलं ‘ट्रिस्टिस’, म्हणजे उदास. दोन्ही चुकलंच. उदास जीव एवढी बडबड करत नाही. नंतर मिळालेलं ‘ॲक्रिडोथेरिस’ हे प्रजातिनाम मात्र नेमकं आहे: टोळांची शिकार करणारी. याच गुणापायी ती देशोधडीला लागली. २००० साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींची यादी काढली. तीत पक्षी तीनच, आणि त्यांतले दोन आपल्याकडचे: लालबुड्या बुलबुल आणि ही साळुंकी. ती यादी वाचल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही. नांगरामागे किडे टिपणारी ही पाखरं समुद्र ओलांडल्यावर बदलली का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. उपद्रव हा पक्ष्याचा स्वभाव नाही, पक्षी आणि जागा यांच्यातलं ते एक नातं आहे, आणि ते बहुतेक वेळा माणसाने जुळवलेलं असतं.

साळुंकी आपण होऊन कुठल्या दूरच्या बेटावर गेली नाही. १७६२ मध्ये फ्रेंचांनी तिला भारतातून मॉरिशसला नेलं ते टोळांवर उपाय म्हणून. १८६० च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांतल्या किडींसाठी तिला ऑस्ट्रेलियात सोडलं, आणि पुढे क्वीन्सलँडच्या उसात. हवाईत ती १८६५ मध्ये पोचली, तीही अळ्यांचा बंदोबस्त करायला. तिथे तिने अळ्या खाल्ल्याच, शिवाय घाणेरीची फळं खाऊन त्या झुडपाचं बी रानोमाळ पसरवलं. याचा ठपका तिच्यावर ठेवताना घाणेरीसुद्धा माणसानेच बागेत लावायला आणली होती, हे विसरलं जातं. आपल्या सह्याद्रीतही हीच परदेशी घाणेरी माजली आहे आणि इथेही पाखरं तिची फळं खातात. पण त्यासाठी इथल्या साळुंकीला कोणी आक्रमक म्हणत नाही.

यावर कुणी म्हणेल, ती भांडखोर आहे हे तर खरं ना? खरं आहे. तिला घरट्यासाठी आयती ढोली लागते, आणि ती मिळवायला ती कुणाशीही झुंजते. पण हे भांडण इथलंही आहे. पोपट, पिंगळे आणि साळुंक्या एकाच भोकावर डोळा ठेवून असतात. फरक एवढाच की इथले शेजारी तिच्यासोबतच घडले आहेत. शिवाय भिंतीतली फट, छपराची वळचण, पोकळ खांब असलं काहीही तिला चालतं. उलट ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या झाडात बरी ढोली तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागू शकतात, आणि ती जुनी झाडं आधीच कुऱ्हाडीखाली गेली होती.

त्याहून वजनदार आक्षेप कॅनबेराचा आहे. तिथे साळुंकी १९६८ मध्ये आली, आणि अनेक वर्षांच्या पक्षीगणनेत ती वाढली तसे ढोलीत घरटं करणारे काही स्थानिक पक्षी कमी झालेले दिसले. हा पुरावा मी झटकून टाकत नाही. पण त्याच शहरातला दुसरा अभ्यास सांगतो की झाडं विरळ झाली तिथे ती जास्त, दाट झाडीत कमी. तिच्यासाठी दार आधी कुणी उघडलं, हे यातून कळतं.

मग तिला कुठेच हात लावू नये का? असं मी म्हणणार नाही. दोष कुणाचा आणि उपाय कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सेशेल्समध्ये आपल्या दयाळाचा एक दुर्मीळ भाऊबंद राहतो. त्याची आणि इतर स्थानिक पक्ष्यांची घरटी साळुंक्या उधळत. म्हणून फ्रेगेट आणि डेनिस या छोट्या बेटांवरून त्यांचा समूळ नायनाट केला गेला. ते मला योग्य वाटतं, कारण त्या पक्ष्यांना पळायला दुसरी जागाच नव्हती. खंडाएवढ्या देशात मात्र झाडं न राखता नुसते सापळे लावणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसत बसणं.

आणि पक्षी व जागा यांच्यातल्या त्या नात्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा साळुंकीच्याच कुळातल्या भोरड्यांचा आहे. त्यांना कुणी कुठे नेलेलं नाही, त्या आपल्या पंखांनी येतात-जातात. उन्हाळ्यात चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ खावेत म्हणून माणसं त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात, म्हणजे फटींत घरटी होतील. त्याच जातीचे थवे हिवाळ्यात दख्खनच्या ज्वारीवर उतरतात, तेव्हा शेतकरी गोफणीत दगड भरतो.