सायटेशन मोजा, पण निबंधही वाचा

दरवर्षी पावसाळा सरता सरता वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास झळकते : अमुक महाविद्यालयातले तमुक प्राध्यापक जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या संशोधन-निबंधांच्या माहितीसाठ्यातल्या नोंदींवरून ही यादी करतात. लेखकाने स्वतःच्याच निबंधांचे दिलेले संदर्भ, लेखकांच्या नावांचा क्रम अशा बाबीही ते तपासतात. म्हणजे यादी काळजीपूर्वक केलेली असते. पण त्या प्राध्यापकांनी नेमकं काय शोधून काढलं, हे बातमीत बहुधा नसतं. विज्ञानमिती हा माझा अभ्यासविषय आहे, आकडे मोजणं हेच माझं काम आहे. तरीही मी ठामपणे सांगेन, की सायटेशनवरून, म्हणजे इतर निबंधांत झालेल्या उल्लेखांच्या संख्येवरून, एखाद्या संशोधनाचा वापर किती झाला हे कळतं, त्याचं मोल कळत नाही. आधी कुठला निबंध वाचावा हे ठरवायला आकडा जरूर घ्यावा. वाचनाच्या जागी मात्र त्याला बसवू नये.

मुळात ही मोजणी माणसं जोखण्यासाठी सुरूच झाली नव्हती. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. हेतू होता, एका निबंधावरून पुढच्या निबंधापर्यंत पोचण्याचा. कल्पना त्यांना अमेरिकी वकिलांच्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’वरून सुचली. त्या सूचीत जुन्या निकालाचा उल्लेख पुढे कुठे झाला एवढंच नसे. पुढच्या न्यायालयाने तो उचलून धरला की फिरवला, हेही नोंदलेलं असे. विज्ञानाच्या मोजणीत नेमकी हीच नोंद गळाली. म्हणूनच गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, १९९८ सालचा आणि २०१० मध्ये मागे घेतला गेलेला ‘लॅन्सेट’मधला निबंध सायटेशनच्या हिशेबात भरघोस दिसतो, आणि त्यातले कितीतरी उल्लेख त्याला खोडून काढणारे आहेत. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स आणला : किमान बारा वेळा उल्लेखलेले बारा निबंध असतील, तर एच बारा. सोपा म्हणून तो जगभर रुजला. आपण सुचवलेलं माप वाईट रीतीने फसू शकतं, असं पुढे २०२० मध्ये खुद्द हिर्श यांनीच लिहिलं.

कोलकात्याचे शंभूनाथ डे यांचं उदाहरण इथे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पटकीचे जंतू रोग्याला नेमके कसे मारतात, हा प्रश्न रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून पडून होता. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले, तेव्हा तो द्रवाने फुगला. मग जंतू गाळून काढलेला नुसता द्राव सोडला, तरीही तो फुगला. म्हणजे घात करत होतं ते जंतूंनी बाहेर टाकलेलं विष. १९५९ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि पुढची काही वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आज पटकीच्या संशोधनातला तो मैलाचा दगड मानला जातो. डे यांच्या निधनानंतर, १९८६ साली, गारफिल्ड यांनी स्वतः त्यावर लेख लिहिला. दुसऱ्या टोकाला १९५१ सालचा ऑलिव्हर लाउरी यांचा निबंध आहे. प्रथिनं मोजायची एक सोयीची पद्धत त्यात आहे आणि सायटेशन तीन लाखांवर. पद्धत उत्तमच आहे, प्रयोगशाळांना रोज लागते. पण १९६० साली एखाद्या समितीने आकड्यांवरून बढती दिली असती, तर डे यांचा नंबर लागला नसता.

सहकार्याने गुंता आणखी वाढतो. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर सर्न प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी मिळून निबंध लिहिला. लेखक पाच हजारांहून अधिक, पानं तेहेतीस, आणि त्यातली चोवीस लेखकांच्या आणि संस्थांच्या यादीची. त्यातल्या एका गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. असं काम एकट्यादुकट्याचं नाहीच, आणि या सहकार्याचा मला मनापासून आदर आहे. मात्र एच-इंडेक्स यातल्या प्रत्येकाला तेवढंच श्रेय देतो, जेवढं एकट्याने प्रमेय सिद्ध करणाऱ्या गणितज्ञाला. श्रेयाला लेखकसंख्येने भागावं, तर उपकरण घडवणाऱ्याच्याही वाट्याला शून्याजवळचं काहीतरी येतं. कुणी काय केलं हे स्पष्ट लिहून घेण्याला पर्याय नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला रास्त वाटतो : आकडे काढून टाकले तर वशिलाच उरतो. तालुक्याच्या गावातून आलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या तरुणीला आकडाच आधार देतो. पण आपल्याकडचा अनुभव तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून प्राध्यापकांच्या निवडी आणि बढत्यांसाठी निबंधांना गुण लावले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या शोधपत्रिकांचं पेव फुटलं. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं, की आयोगाच्या मान्य शोधपत्रिकांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ज्या हजारेक शोधपत्रिका त्यांनी तपासल्या, त्यातल्या ८८ टक्के सुमार होत्या. इटलीत प्राध्यापकपदासाठी सायटेशनची अट आली, तेव्हा आपसांतल्या उल्लेखांचं प्रमाण वाढलं. ज्याच्याकडे पैसा आणि कंपू आहे त्याला आकडाही विकत मिळतो. त्या तरुणीला मिळत नाही.

तिला खरा आधार लेखी कारणांचा मिळेल. अर्जदाराने आपले पाच निबंध निवडावेत, प्रत्येकातला स्वतःचा वाटा लिहून द्यावा, बाहेरच्या जाणकारांनी ते वाचून मत लिहावं आणि ते अर्जदाराला पाहायला मिळावं. सायटेशनही सोबत असावं, फक्त तुलना त्याच विषयातल्यांशी व्हावी. गणितातले आकडे जीवशास्त्राच्या शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. एवढा वेळ कुणाला आहे, असं समित्या म्हणतात. वीस अर्जांचे शंभर निबंध होतात. पाच सदस्यांनी वाटून घेतले तर प्रत्येकाकडे वीस, आणि निवडलेला माणूस तीस वर्षं शिकवणार असतो. आयोगाने २०२५ मध्ये आपली शोधपत्रिकांची यादी बंद करून शोधपत्रिका पारखण्याचा निर्णय संस्थांवर सोपवला आहे. तेव्हा पुढच्या मुलाखतींआधी अर्जदारांचे निबंध समितीच्या हाती पोचतील आणि वाचले जातील, एवढं आपल्या कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी पाहावं.