टोपलीखालची वाळू

पहाटे आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "जाऊन या. पण कासव दिसेलच असं नाही हो."

मला ते वाक्य आवडलं नाही. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड करत आम्ही आदल्या संध्याकाळी कोकणातल्या वेळासला पोहोचलो होतो. नऊ वर्षांच्या लेकीने महिनाभर कासवांशिवाय दुसरा विषय काढला नव्हता. एवढं करून यायचं आणि दिसेलच असं नाही? मार्च २०१३ मधली ही गोष्ट. त्या एका वाक्यात त्या गावाचं सगळं शहाणपण होतं, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

वाडीतल्या पायवाटेने आणि पुढे सुरूच्या झाडांमधून आम्ही किनाऱ्यावर आलो. वाळूत जाळी लावून एक चौकोन बंदिस्त केला होता. आत ओळीने टोपल्या पालथ्या घातलेल्या, प्रत्येकीजवळ एक पाटी: घरटं कधीचं, अंडी किती. दोरीच्या अलीकडे आम्ही साठ-सत्तर माणसं श्वास रोखून उभी. घरट्यांची राखण करणाऱ्या कासवमित्राने पहिली टोपली उचलली. नुसती वाळू. दुसरी उचलली, तिसरी उचलली. शेवटच्या टोपलीखालीही वाळूच होती.

"आज नाही," तो शांतपणे म्हणाला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "जरा उकरून बघा ना. एखादं तरी असेल." त्याने मान हलवली. "पिल्लं आपली आपण वर येतात. आपण घाई केली तर ती कच्ची राहतात." मग वाळूत बसून त्याने आम्हाला सगळं समजावलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, फूट-दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. घरटं बघायला ती परत येत नाही. पुढचे साधारण पन्नास दिवस ऊब द्यायची ती वाळूनेच. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, गार राहिली तर नर. लेक मुठीत वाळू घेऊन ती गरम आहे की गार ते बघत बसली. रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही.

दुपारी पडवीत काकूंचे सासरे, घरातले आजोबा, सुपारी कातरत बसले होते. लेकीने त्यांना सरळच विचारलं, "आजोबा, तुम्ही लहान असताना खूप कासवं यायची?"

"यायची गो. आम्ही त्यांची अंडी आणायचो." अडकित्ता थांबला. "लपवण्यासारखं काय त्यात? पावलांच्या खुणा बघत जायचं आणि काठी खुपसायची. काठीचं टोक ओलं आलं की खाली अंडी. आम्ही नाही काढली तर कोल्हे-कुत्रे काढायचे. ते चुकीचं आहे असं कुणी म्हणालंच नव्हतं."

म्हणायला लोक आले ते २००२ मध्ये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावर समुद्री गरुडांची घरटी शोधत फिरत होते. त्यांना वाळूत सापडली ती कासवांची अंड्यांची टरफलं. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायद्याचा धाक दाखवून प्रश्न सोडवला नाही. अंडी काढणाऱ्यांना जे नेमकं ठाऊक होतं, तेच ज्ञान त्यांनी कामाला लावलं. खुणा ओळखायच्या, घरटं शोधायचं, आणि अंडी जाळीच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवायची. वनखातं आणि ग्रामपंचायत सोबत आली. मग २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला आणि बघायला येणारी माणसं गावातल्याच घरांमध्ये उतरू लागली.

काकूंच्या हातात स्वतःचे पैसे आले ते तेव्हापासून. त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. आधी घरामागे संडास-न्हाणीघर नीट बांधून घेतलं. गाद्या एकदम घेतल्या नाहीत, दर वर्षी दोन-दोन घेतल्या. आपल्याकडे जागा नसली की पाहुणे शेजारच्या घरी पाठवायचे. जेवण घरचंच: आमटी-भात, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि रविवारी उकडीचे मोदक. "पनीर मागतात कधी कधी," त्या म्हणाल्या, "मी सांगते, वाडीत पिकत नाही." त्या बोलण्यात तोरा नव्हता. आपल्या घरात काय आहे आणि काय नाही, हे सांगताना त्यांना संकोच वाटत नव्हता, एवढंच.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसऱ्याच टोपलीखाली वाळू हलताना दिसली. एक काळसर डोकं वर आलं, मग दुसरं. अकरा पिल्लं, प्रत्येक जेमतेम अंगठ्याएवढं. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडलं आणि ती उजेडाच्या दिशेने, समुद्राकडे निघाली. एकाला लाटेने उलटं करून मागे फेकलं. लेक दोरीखालून पुढे झाली, तसा कासवमित्राने तिचा खांदा धरला. "थांब. त्याला चालू दे. हीच वाळू त्याला लक्षात ठेवायचीय. मादी असेल तर अंडी घालायला याच भागात परत येईल." पिल्लू सरळ झालं, पुन्हा निघालं आणि तिसऱ्या लाटेत दिसेनासं झालं. टाळ्या वाजवाव्यात असं कुणालाही वाटलं नाही.

त्यानंतर मी वेळासला गेले ते थेट २०२३ च्या मार्चमध्ये. या खेपेला हरिहरेश्वर बघून बागमांडल्याहून फेरी बोटीने वेसवीला उतरलो. गावात शिरताना मी काकूंची वाडी शोधत राहिले आणि ती सापडेना. आधी तिथे रस्त्यावरून घर दिसायचं नाही, एवढी पोफळींची दाटी होती. आता घर उघडं पडलं होतं आणि भोवती ऊन.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ पलीकडे रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि या सगळ्या पट्ट्यातले माड, पोफळी, आंबे मुळासकट लोळवून गेलं. त्याआधीच मार्चमध्ये कोरोनामुळे ऐन हंगामात पाहुणे बंद झाले होते. "एकाच वर्षात दोन्ही गेलं," काकू म्हणाल्या. आजोबा तोवर गेले होते. आपल्या हाताने लावलेली वाडी आडवी झालेली त्यांना बघावी लागली नाही, याचंच घरच्यांना समाधान.

मी विचारलं, "मग आता पूर्ण वेळ पर्यटनच का नाही करत? चार खोल्या वाढवा, वर्षभर माणसं येतील."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कोरोनात नुसत्या खोल्याच असत्या तर काय खाल्लं असतं? तांदूळ घरचा होता म्हणून निभावलं. आणि वादळानंतर नुसती वाडीच असती, तर ती पुन्हा उभी करायला पैसा कुठून आणला असता? पाहुणे परत आले, त्या पैशांतून रोपं घेतली. दोन्ही हवं. पण पाहुण्यांसाठी वाडी तोडायची नाही."

शाश्वत पर्यटनावरची बरीच भाषणं मी ऐकली आहेत. शेतीला टेकू द्यायचा, शेतीची जागा घ्यायची नाही, हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. कासवांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा, म्हणून पाहुण्यांचाही तेवढाच. घर जेवढं, तेवढीच माणसं. पिल्लू येईल तेव्हा येईल. हे माप मोडून गावाने वाळूला लागून खोल्या बांधल्या आणि रात्रभर दिवे लावले, तर अंडी घालायला आलेली मादी बिचकून मागे फिरेल आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्यांकडे चालू लागतील. ज्यांना बघायला माणसं येतात तीच येईनाशी होतील. आपल्या किनाऱ्यांवर असं हातचं घालवण्याची घाई मी पुष्कळ पाहिली आहे. म्हणून वेळासची ही सबुरी मला फार मोलाची वाटते.

सकाळी लेकीबरोबर पुन्हा किनाऱ्यावर गेले. ती आता एकोणीस वर्षांची. रात्री येऊन गेलेल्या एका मादीच्या खुणा वाळूत ताज्या होत्या, जणू कुणी नांगर ओढत नेला असावा. त्या दिवशी सगळ्या टोपल्यांखाली वाळूच निघाली. दोरीमागची दोन लहान मुलं हिरमुसली. तेव्हा लेक त्यांच्याशेजारी बसली आणि वाळू तापली की माद्या कशा होतात ते सांगू लागली.

निघताना काकूंनी आम्हाला घरामागे नेलं. केळीच्या सावलीत पोफळीची गुडघ्याएवढी रोपं ओळीने लावली होती. सुपारी धरायला किती वर्षं लागतील, मी विचारलं.

"सहा-सात," त्या म्हणाल्या आणि वाकून एका रोपाच्या बुंध्याशी पाणी सोडलं.