साभार परत

१९७८ सालची गोष्ट. माझी पहिली कथा चार मासिकांकडून 'साभार परत' आली. आपणच पत्ता लिहून, तिकीट लावून जोडलेलं पाकीट आपल्याच अक्षरात घरी येतं. पोस्टमन वस्तीच्या तोंडाशी उभा राहून नाव पुकारायचा. लोकांना वाटायचं, पोराला नोकरीचा कागद आला.

पाचव्या ठिकाणी छापली. पण कशी? आयच्या तोंडी मी लिहिलं होतं, "गावात भाकर मागाया जाऊ नगंस. त्या परीस पानी पिऊन झोप." छापलेलं होतं, "गावात भाकरी मागायला जाऊ नकोस. त्यापेक्षा पाणी पिऊन झोपी जा." विचारणं नाही, पुसणं नाही. संपादक माणूस चांगला होता, हीच अडचण. पत्रात लिहितो, भाषा थोडी स्वच्छ केली आहे. स्वच्छ! म्हणजे आधी घाण होती. झाडू मारणाऱ्यांच्या पोराला हे सांगतो!

रात्री कंदिलापुढं आयला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगली हाय. पर ही बाई कोन?"

मोठ्या मासिकाला पाठवू नका असं मी म्हणत नाही. पाठवा. तिथले वाचकही आपल्याला पायजेत. फक्त कार्बन लावून एक प्रत घरी ठेवा, आणि सोबत चिठ्ठी जोडा: बोली बदलायची असेल तर कथा परत करावी. परत आली तर रडत बसू नका. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात घेतली नाही. म्हणून बाबासाहेबांचा अंक काय निघायचा राहिला नाही.

आम्हीही काढला. एका मित्राच्या कचेरीत सायक्लोस्टाईलचं मशीन होतं आणि रविवारी साहेब नसायचा. स्टेन्सिल मीच कोरलं. 'नगंस' लिहिताना जोर जास्त पडला, कागद फाटला, तिथं शाईचा डाग उठला. शंभर प्रती. काहींत दोन पानं उलटी टाचली गेली. कथा तीच, जशी लिहिली तशी.

परत कंदील, परत आय. ह्या वेळी ती हसली, मान हलवत ऐकत राहिली. मला वाटलं, जिंकलं. मग म्हणाली, "आता म्याच हाय. पर तवा म्या पाटलाला शिवी दिली हुती. ती कुटं गेली?"

ती मीच गाळली होती.