लुस कुठंय?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्या घरात दोन शब्द एकाच ताटात पडायचे. आढीतला आंबा रसरशीत आणि खापरावरून नुकता उतरलेला पुरणाचा मांडा लुसलुशीत. आत्या माहेरी आलेल्या असत, आम्ही डझनभर चुलत-आते भावंडं ओसरीवर ओळीनं बसलेलो आणि अंगणातल्या चुलीवर मातीचं खापर पालथं तापत असे. आजी उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत एवढा पातळ करायची की पलीकडची चूल दिसावी. खापरावर टाकला की क्षणात उचलायचा, ऊन असतानाच घडी घालायची. गार झाला की शब्द गेलाच!

आमच्या मुक्ताईनगरला मोठी माणसं अजून एदलाबादच म्हणत. पण मुक्ताई घरातलीच. मांडे करताना आजी तिचीच गोष्ट सांगे. विसोबानं खापर मिळू दिलं नाही, मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि बहिणीनं त्यावर मांडे भाजले. पाठ पोळली कशी नाही, हा आमचा दर वर्षीचा प्रश्न.

एका आखाजीला मात्र धाकट्यानं वेगळंच विचारलं, “रसरशीतमध्ये रस आहे. लुसलुशीतमधला लुस कुठंय?”

काका शाळामास्तर. म्हणाले, “टवटवीतमधलं टव कधी दिसलंय का? जिभेला, बोटांना जे जाणवतं त्याचा नाद दोनदा म्हणायचा आणि पुढं ‘ईत’ लावायचं. त्या ‘ई’मुळं ‘स’चा ‘श’ होतो. गोठ्यात बघ, एक म्हैस, दोन म्हशी.” मांडा मात्र संस्कृतातल्या ‘मंडका’चा वंशज, १२ व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तसुद्धा आहे, हेही त्यांनी ऐकवलं. ते कुणी ऐकलं नाही.

आजी ‘लुसलुशीत’ हा शब्द जपून वापरायची. मांडा आणि पहिल्या पावसानंतरचं गवत, बस्स. भरताचं वांगं कोवळं, कणीस दुधाळ. आता पाकिटावरचा केकही लुसलुशीत असतो आणि ढोकळाही. ढोकळा जाळीदार असतो हो!

काकांचं व्याकरण तिला पटलं नसावं. पुढचा मांडा तिनं सरळ धाकट्याच्या तळहातावर ठेवला.

“घडी दाबून पाह्य. बोटाखाली सरकलं ना, ते लुस.”

बोटं पोळली. मांडा त्यानं सोडला नाही.