दोन काटे

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने विमानाच्या इंजिनावर लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण गेल्या मे महिन्यात मी पंधरा दिवस मामांकडे होते, आणि मामांचे सारे आयुष्य इंजिनांतच गेलेले. एका लहानशा धावपट्टीवर दोन आसनांची हलकी विमाने आहेत, त्यांची देखभाल ते करतात. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जे घडले त्यात दोष माझा होता, जागेचा नव्हता.

"घरात कादंबऱ्या वाचत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर," असे म्हणून मामांनी मला एके सकाळी हँगरमध्ये नेले. माझ्याकडे कामे तीन. बॅटरी धरायची, आकडे वहीत उतरवायचे आणि काढलेले सुटे भाग ताटलीत नीट ठेवायचे. ओढणी घरी ठेवायची आणि केस घट्ट बांधायचे, ही अट. फिरत्या पंख्याच्या आसपास लोंबते काही चालत नाही.

ते इंजिन रोटॅक्स ९१२, ऑस्ट्रियात बनणारे, ८० अश्वशक्तीचे. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे निजवलेले. प्रत्येक बाजूला एक कार्ब्युरेटर. हवेत पेट्रोल मिसळून सिलिंडरांना पुरवणे हे त्याचे काम. वैमानिकाच्या हाती थ्रॉटल एकच, पण त्याच्या तारा दोन, आणि त्या दोन बाजूंच्या दोन झडपा उघडतात. काळ जातो तशा तारा ताणतात, स्क्रू किंचित सरकतात आणि एक झडप दुसरीपेक्षा केसभर अधिक उघडी राहू लागते. मग अर्धे इंजिन जास्त ओढते, अर्धे कमी. सारे यंत्र थरथरू लागते आणि ती थरथर पंख्याच्या गिअरबॉक्सला हळूहळू खाते.

"मग पूर्ण वेगात तर फारच हलत असेल?" मी विचारले.

"उलट आहे, पोरी," मामा म्हणाले. "वेगात झडपा पूर्ण उघड्या असतात, तिथं केसभराचा फरक बुडून जातो. आयडलिंगला झडप जेमतेम फटीएवढी उघडी. तिथं केसभर म्हणजे पुष्कळ झालं. इंजिन निवांत असलं की त्याचं खरं दुखणं कळतं."

मी संगीत विषय घेतला आहे. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एका षड्जात मिळवताना आमच्या बाई जशा डोळे मिटून बसतात, तसे मामा त्या इंजिनासमोर काही क्षण नुसते उभे राहिले. मग कामाला लागले.

आधी इंजिन बंद ठेवून, दोन्ही झडपा आपापल्या स्क्रूवर एकाच वेळी टेकतात का, ते पाहिले. नंतर दोन्ही बाजूंना जोडणारी रबरी नळी काढली. ही नळी दोन्हीकडची ओढ सारखी करू पाहते, म्हणून ती जागेवर असली तर फरक झाकला जातो. नळीच्या जागी दोन गेज लावले, एकेका बाजूला एकेक. चाकांना ठोकळे लावले, कॅप्टनसाहेब आत बसले, इंजिन गरम झाले आणि दोन काटे थरथरत वर चढले. एक पुढे, एक मागे. मी आकडे लिहिले. इंजिन बंद. मामांनी स्क्रू किंचित फिरवला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असे चार वेळा झाल्यावर दोन्ही काटे एका जागी आले. मग २५०० फेऱ्यांवरही पाहिले, तिथेही जुळले. थरथर इतकी कमी झाली की माझ्यासारखीलाही ती जाणवली.

नळी परत बसवताना मी मामांना एक क्लिप दिली. तेवढ्यात कॅप्टनसाहेबांनी त्यांना हाक मारली. बोलत बोलतच मामांनी दुसरे टोक दाबून बसवले, झाकण लावले आणि रजिस्टरात सही केली. उड्डाण चार वाजता होते.

दुपारी लिंबाखाली डबा उघडला. रुमाल काढायला खिशात हात घातला, तो हाताला क्लिप लागली. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून मीच ती ताटलीतून उचलून खिशात टाकली होती.

मी गप्प बसले. ही जादाची असेल, असे मनाला सांगून पाहिले. पण वहीत माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'नळी १, क्लिपा २'. मामांची सही होऊन गेली होती. आता सांगायचे म्हणजे चार माणसांत मामांना खोटे पाडायचे. ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, ते मामा.

अखेर उठले. मामा कॅप्टनसाहेबांशीच बोलत होते. मी काही न बोलता मूठ उघडली. मामांनी क्लिपेकडे पाहिले, मग माझ्याकडे. आवाज न चढवता ते कॅप्टनसाहेबांना म्हणाले, "चारचं उड्डाण आज नको. माझ्याकडून एक क्लिप राहिली."

रजिस्टरातली नोंद त्यांनी खोडरबराने पुसली नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मारली, बाजूला सही केली, खाली नवी नोंद लिहिली. झाकण पुन्हा उघडले, क्लिप बसली, इंजिन पुन्हा चालवून पाहिले. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडाले.

संध्याकाळी मोटारसायकलवर मागे बसून मी म्हटले, "मामा, चूक माझी होती."

"क्लिप तुझ्याकडं राहिली. सही माझी होती," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चढताना कदाचित काही झालंही नसतं. उतरताना थ्रॉटल मागं घेतला की आतली ओढ सर्वांत जास्त असते. थरथरीनं नळी निसटली असती तर बाहेरची हवा नेमकी तेव्हा घुसली असती. जमीन जवळ आलेली, आणि इंजिन अडखळतंय. तू लगेच येऊन सांगितलंस, बरं झालं."

मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तेच काम दिले आणि झाकण लावण्यापूर्वी विचारले, "क्लिपा किती?"

"दोन," मी म्हटले.

पण 'लगेच' हे खरे नव्हते. लिंबाखाली मी पाच मिनिटे तरी बसून होते, आणि त्या वेळात न सांगण्याची कारणे शोधत होते. मामांना हे अजून सांगितलेले नाही. या अंकाची एक प्रत मी त्यांना पाठवणार आहे.

(द्वितीय वर्ष, कला)